शेवटून दुसरी: सोलापुरातल्या रविवारच्या सायकल राईडबद्दल

सायकल क्लबांबद्दल लिहिणारे बहुतेक पुढं पळणारे असतात. सरासरी वेग किती बसला, तुळजापूरच्या घाटात कुणी कुणाला मागं टाकलं, हे त्यांचे विषय. मी राईडमध्ये शेवटून दुसरी असते. माझ्या मागं फक्त स्वीपर, म्हणजे कुणी मागं सुटू नये म्हणून सगळ्यांच्या शेवटी चालणारा. तेव्हा आमच्या क्लबाच्या रविवारच्या राईडचा हा अभिप्राय शेपटाकडून लिहिलेला आहे. पन्नाशीकडं झुकलेली, एक गुडघा कुरकुरणारी, सेकंडहँड हायब्रिड सायकल चालवणारी बाई तिथं टिकते का, एवढंच मला बघायचं होतं.

टिकते. पण काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या.

शुक्रवारी रात्री व्हॉट्सॲपवर मार्ग येतो: किलोमीटर, राईड लीडर कोण, स्वीपर कोण, नाष्टा कुठं. जमायचं चार पुतळ्यापाशी, पावणेसहाला. उन्हाळ्यात सव्वापाच. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेलेले आपले चार हुतात्मे वर उभे आणि खाली आमचे लाल दिवे लुकलुकतायत, असं ते दृश्य असतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत तिकडचा रस्ता नंदीध्वजांचा आणि जत्रेचा, म्हणून तेव्हा सात रस्त्यावर जमतात.

पावणेसहा म्हणजे पावणेसहा नव्हे, ही पहिली तक्रार. फोटो, मग कुणीतरी 'दोन मिनिटांत येऊलालोय' म्हणून कळवलेलं, मग परत फोटो. सहा वाजून गेल्याशिवाय चाक हलत नाही. डिसेंबरात हे चालून जातं, उजाडायलाच सात वाजतात. पण एप्रिलमध्ये नऊनंतर सोलापूरचा डांबरी रस्ता खालून भाजायला लागतो. सकाळी वाया गेलेली ती वीस-पंचवीस मिनिटं परतीच्या शेवटच्या पट्ट्यात माझ्यासारखीच्या टाळक्यावर वसूल होतात. पुढचे तोवर घरी पोचून आंघोळ करून बसलेले असतात, त्यांना हे कळत नाही. कमिटीला हे सांगून झालंय.

आता चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. या क्लबाचा एक नियम आहे: स्वीपर शेवटच्या माणसाच्या पुढं जात नाही, काहीही झालं तरी. आणि लीडर प्रत्येक वळणावर थांबतो, स्वीपरचा दिवा दिसेपर्यंत. दिवा दिसला की हात वर करतो, मग पुढं. ऐकायला साधं वाटतं. पण ताशी 28 नं पळू शकणाऱ्या माणसानं माझ्यामागं 15 नं दोन तास सायकल हाकायची, आणि तेही कंटाळा चेहऱ्यावर न दाखवता, हे सोपं काम नाही. आमच्याकडं हे काम पाळीपाळीनं करावं लागतं. जो सलग तीन महिने स्वीपरची पाळी चुकवतो, त्याला लीडरची पाळी मिळत नाही. हा नियम ज्यानं काढला त्याला माझा नमस्कार.

बँकेतून निवृत्त झालेले एक उंच अण्णा आहेत. ते स्वीपर असले की मला वारा लागत नाही. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा. तिऱ्ह्याकडं सीनेच्या पुलापर्यंत जाताना तो थेट तोंडावर येतो. अशा वेळी अण्णा स्वीपरची जागा दुसऱ्याला देऊन माझ्या पुढं येतात. "माझ्या चाकाला धरून या वैनी, पण चाकाला चाक लावू नका," एवढंच बोलतात. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की निम्मा त्रास तरी कमी झाल्यासारखा वाटतो. फक्त आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला शिरू द्यायचं नाही. तो जरा हलला तरी आपटतो तो मागचाच. नव्यांना हे पहिल्याच राईडला, रिकाम्या रस्त्यावर करून दाखवतात. येताना तोच वारा पाठीवर असतो आणि मीसुद्धा रेसर वाटते.

सराट्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण सोलापुरात सायकल चालवायची म्हणजे सराट्यांशी संसार करायचा. पाऊस संपला की रस्त्याच्या कडेचे वेल वाळतात आणि ती काटेरी फळं मुरमात पसरतात. फळ कसंही पडलं तरी एखादा काटा वर असतोच. बाहेरगावचे लोक पाणी प्यायला सायकल कडेच्या लिंबाखाली नेतात आणि दोन्ही चाकं एकदम बसवून घेतात. आमच्याकडची पहिली शिकवण ही की थांबायचं तर डांबरावर, आणि सायकल खाली उतरवायची असेल तर उचलून. वेड्या बाभळीचा काटा वेगळा. तो लांब, सरळ आत जातो आणि तिथंच मोडतो. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवायचं. ते अडकेल तिथं काटा. तो काढला नाही तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत गेली म्हणून समजा.

महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी क्लबातले दोघं हे सगळं फुकट शिकवतात: टायर लिव्हर, म्हणजे टायर उचकायची पट्टी, कशी घालायची, घासकागद किती मारायचा, सोल्युशन लावल्यावर पॅच चिकटवायची घाई का करायची नाही. तिथली एक पद्धत मला आवडली. बाईच्या सायकलचं पंक्चर निघालं की चार पोरं मदतीला धावतात, हे सगळीकडंच. इथं शिकवणारे त्यांना मागं सारतात. "काढू दे त्यांना. तू नुसती सायकल धर बे." नंतर नान्नजच्या रस्त्यावर माझं मागचं चाक बसलं. एक कॉलेजचा पोरगा वाकून म्हणाला, "काकू, सराटाच हाय बगा," आणि स्वीपर शांतपणे पंप हातात घेऊन उभा राहिला. मागचं चाक म्हणजे साखळीची कटकट, हात काळे, पण माझं मी काढलं. स्वीपरच्या पिशवीत दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हला चालणारा पंप असतो. ट्यूब मात्र आपापली आणायची.

मार्गांची निवड शहाणपणाची आहे. नव्यांना हिप्परगा: इंग्रजांच्या काळात आदिला नदीवर बांधलेला एकरूख तलाव, तुळजापूर रोडला, जाऊन-येऊन 20 किलोमीटरच्या आत-बाहेर. थंडीत पाण्यावर पक्षी असतात आणि बांधावरचा वारा गोड लागतो. नान्नज बार्शी रोडला. तिथं 1979 पासून माळढोकासाठी अभयारण्य आहे. माळढोक काय सायकलवरून दिसत नाही, तो दिसणं आता मोठ्या नशिबाचीच गोष्ट. काळविटांचे कळप मात्र माळावर दिसतात आणि रस्त्याच्या कडेनं द्राक्षबागा. होटगी रोडला जायचं असलं की मला अजून साखर कारखान्याची चिमणी आठवते. मागं पडलेल्याला लांबून खूण होती ती. 2023 च्या जूनमध्ये विमानतळासाठी पाडली. आता लीडर गुगलचं लोकेशन टाकतो.

सगळ्यात आवडती राईड हत्तरसंग कुडल. विजापूर रोडनं तेरामैल ओलांडून पुढं जायचं आणि मग आत वळायचं. सीना आणि भीमा जिथं मिळतात तिथं देवळं आहेत. संगमेश्वराच्या देवळातला मराठी शिलालेख शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा, आणि हरिहरेश्वराच्या देवळाजवळ 359 मुखांचं शिवलिंग. पुढचा गट पोचला, फोटो काढले आणि नाष्ट्याला परत फिरला. आम्ही मागचे निवांत. आमच्यात एक शाळेचे सर आहेत, त्यांनी मोबाईलचा उजेड तिरका धरून अक्षरं दाखवली. उजेड सरळ मारला तर काही दिसत नाही. 80 किलोमीटरच्या आसपास होतं जाऊन-येऊन, तेव्हा पहिल्याच महिन्यात हिच्या नादी लागू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उसाचा हंगाम. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, पुढं स्पीकर फुल्ल. त्या दिवसांत लीडर मंगळवेढ्याकडचा रस्ता टाळतात, आणि टाळता आला नाही तर एकेरी रांग सक्तीची. मागून गाडी आली की शेवटचा ओरडतो, "गाडीऽऽ", ते पुढंपर्यंत पोचतं. पुढून "खड्डा", "काच" असं मागं येतं. हेल्मेट नसेल तर येऊ देत नाहीत असं पत्रकात लिहिलंय. प्रत्यक्षात जुन्या सभासदांकडं काणाडोळा होतो, आणि हे मला पटत नाही.

गेल्या वर्षीपासून एक वेगवान गट तयार झालाय. बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पुरं करायच्या राईडची तयारी करतात, 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, थांबे धरून. त्यांचं कौतुकच आहे. पण ते मिसळले की लीडरचं रक्त उसळतं. अक्कलकोट रोडला कुंभारीजवळ, जिथं विडी कामगार बायकांची मोठी वसाहत आहे, तिथं लीडरनं थांबायचं ठरलं होतं आणि तो थांबलाच नाही. आम्ही तिघं तिथं बराच वेळ उभे. नाष्ट्याच्या टेबलावर त्या दिवशीच्या स्वीपरनं लीडरला सगळ्यांसमोर झाडला. लीडरनं ऐकून घेतलं. तेव्हापासून दोन मार्ग आणि एक नाष्टा अशी व्यवस्था झाली: पळणारे लांबून फिरून येतात आणि आम्हाला हॉटेलात गाठतात. ही व्यवस्था चालतेय.

बायका कमी येतात. तीन-चार, कधी मी एकटीच. कारणं विचाराल तर एक आपलं पाणी. काही दिवसांआड येणारं पाणी ज्या रविवारी पहाटे येतं, त्या रविवारी जुळे सोलापूरच्या बायका राईडला येतील कशा? नळ चालू असताना घर सोडायची सोय पुरुषांनाच. दुसरं कारण बाथरूम. हे बोलायला मला वर्ष लागलं नाही, पण क्लबाला समजायला लागलं. आता शुक्रवारच्या मेसेजमध्ये वाटेतले स्वच्छ बाथरूम असलेले पेट्रोल पंपही लिहिलेले असतात. एका ओळीचं काम, पण त्यानं माझी बहीण यायला लागली.

नाष्टा म्हणजे इडली-वडा किंवा उपीट आणि चहा. लांबतो फार. बिलाचे भागाकार फोनवर करण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात हिप्परग्याला परत एक चक्कर होईल. आणि एक सल्ला: राईडमध्ये ताकदीसाठी खायच्या त्या महागड्या जेलच्या पुड्या घेऊ नका. शेंगापोळी न्या. दाणे, गूळ, खिशात मोडत नाही, उन्हात विटत नाही.

वर्गणी वर्षाला 1,000 रुपये, पहिल्या तीन राईड फुकट. त्या तीनमध्ये कळतं. वेग पाहिजे असेल तर हा क्लब तुम्हाला संथ वाटेल. 20 किलोमीटर न थांबता जमत असतील, कितीही हळू का असेना, तर खुशाल या. चौदाच्या आतल्या मुलांबरोबर घरचं माणूस लागतं. मे-जूनला मी दिसणार नाही, कारण मी गणवेशाच्या युनिटमध्ये कटिंग बघते आणि शाळा उघडायच्या आधी आम्हाला मान वर करायला फुरसत नसते.

आणि म्हणूनच शेवटची तक्रार जर्सीची. 850 रुपये, वर्गणीपासून वेगळे. कापड बरं आहे, घाम सुटतो तसा वाळतो. पण काखेतली शिलाई साधी ओव्हरलॉक, दोन तास हात पुढं ठेवून बसलं की घासते. तिथं फ्लॅटलॉक पाहिजे, म्हणजे सपाट बसणारी शिलाई. मागच्या तिन्ही खिशांच्या तोंडाला इलॅस्टिक नाही, त्यामुळे फोन ठेवला की खिसा लोंबतो. मापं फक्त पुरुषांची. मला 'एस' खांद्यात बसतो आणि कमरेत बसत नाही. देशभरच्या शाळांचे गणवेश ज्या गावात शिवले जातात, त्या गावाचा क्लब जर्सी बाहेरून मागवतो, ह्याला काय म्हणावं! मी बायकांच्या मापाचा एक नमुना शिवून कमिटीला दिलाय, खिशाला इलॅस्टिक लावून. दर त्याच 850 मध्ये बसतो, 40 नगांच्या वर ऑर्डर असेल तर थोडा खालीही येईल. दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरवतो म्हणालेत.