जुनी फुल-सस्पेन्शन सायकल आणि वागळे इस्टेटमधले शॉकअपवाले काका

माझं वजन ५४ किलो. माझी सायकल म्हणजे १९९० च्या दशकाच्या शेवटची स्पेशलाइझ्ड स्टम्पजम्पर एफएसआर, पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली. पुढे मार्झोकी कंपनीचा बॉम्बर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा शॉकवाला चिमटा, कॉइल स्प्रिंगचा आणि आत मोकळं तेल खेळणारा. मागे हवेचा शॉक. आधीचा मालक चांगला धिप्पाड होता आणि सायकल त्याच्याच वजनाला लावलेली माझ्याकडे आली. ठाण्यात येऊरहून उपवनकडे उतरताना प्रत्येक स्पीडब्रेकरवर मागचं चाक उडायचं. एका मोठ्या दुकानात सांगितलं, "मॅडम, एवढ्या जुन्या गाडीचं आता काही होत नाही, शॉक लॉक करून चालवा." मग तो शॉक लावलाय कशाला?

शेवटी एका मोटरसायकलवाल्या मित्राने वागळे इस्टेटमधलं हे वर्कशॉप दाखवलं. पाटीवर फक्त 'शॉकअप रिपेअर'. मुख्य काम मोटरसायकलींचं, सायकली ओळखीतून येतात. काकांनी पंपाला हात लावण्याआधी मला हेल्मेट, पाठीवरची बॅग, भरलेली बाटली, सगळ्यासकट वजनकाट्यावर उभं केलं. "ताई, रोज चालवता तशाच बसा, अंग चोरू नका." त्यांचं काम मला पटलं ते इथेच.

शॉकच्या दांडीवर रबरी रिंग सरकवून त्यांनी सॅग, म्हणजे नुसत्या वजनाने शॉक किती दबतो ते, मोजला. माझ्या शॉकचा स्ट्रोक, म्हणजे दबण्याची पूर्ण लांबी, ३८ मिमी. नुसतं बसल्यावर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे साडेनऊ मिमीच्या आसपास, दबायला हवा. माझ्या वजनाने जेमतेम चार दबत होता. याचा परिणाम मागच्या चाकापुरता राहत नाही. त्या काळच्या सायकलींचा हेड अँगल, म्हणजे फोर्कचा जमिनीशी कोन, तसाही ७१ अंशांच्या घरात आणि हँडल धरणारा स्टेम लांब. मागची बाजू उंच राहिली की तो अँगल आणखी उभा होतो, उतारावर सगळा भार हातांवर येतो आणि हँडल बिचकायला लागतं. मी इतके दिवस टायरला दोष देत होते.

काकांनी हवा थोडी थोडी सोडत, दरवेळी मला बसवून, पुन्हा मोजलं. मग रीबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग. हवा कमी केली की शॉकला परत वर ढकलणारा जोरही कमी होतो, म्हणून रीबाउंड मोकळा करावा लागतो, नाहीतर लागोपाठच्या खड्ड्यांत शॉक दबलेलाच राहतो. चाचणी साधी: बसल्या बसल्या फुटपाथवरून खाली उतरायचं. मागची बाजू दबून वर यावी, एकदाच किंचित जास्त उठावी आणि स्थिरावावी. दर फेरीला नॉब एक क्लिक फिरवत, समाधान होईपर्यंत त्यांनी मला फेऱ्या मारायला लावल्या.

फोर्कचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. आत कुणीतरी मोटरसायकलचं जाड तेल भरलं होतं. हलक्या माणसाला ते फार संथ पडतं. काकांनी पातळ, ५ वेटचं तेल भरलं. स्प्रिंग मला कडक होती, आणि मऊ स्प्रिंग आता सहज मिळत नाही. एक-दोन वेढे कापून टाकावेत का, असं मी विचारलं. त्यांनी लगेच थांबवलं. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग उलट अधिक कडक होते. मग त्यांनी फोर्कच्या टोपीखालचा स्पेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारी नळी, आखूड केला. त्याने स्प्रिंग मऊ होत नाही, पण तिच्यावरचा सुरुवातीचा दाब कमी होतो आणि फोर्क माझ्या वजनाला बसायला लागतो. आता पुढची आणि मागची बाजू एकत्र दबते.

मागच्या सांध्यांत खडखड होती. सीट धरून वर-खाली केलं की हाताला कळायचं. शेजारच्या लेथवर फॉस्फर ब्रॉन्झचे बुश, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या कड्या, काढून घेतले. काम इतकं नेमकं, की बोल्ट आवळल्यावरही सांधा लोण्यासारखा फिरतो.

आता येऊरचा चढ मी मधल्या चेनरिंगवर, म्हणजे पॅडलजवळच्या मधल्या दातेरी चकतीवर, चढते. त्या काळचं सस्पेन्शन बहुतेक मधल्या चेनरिंगचा विचार करून आखलेलं असायचं. मोठ्या चेनरिंगवर पॅडलबरोबर मागची बाजू जास्त झुलते. उतरताना फरक स्पष्ट जाणवतो. या सायकलीत मागच्या एक्सलच्या जरा पुढे, चेनस्टेवर (पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर) एक सांधा आहे. हॉर्स्ट लाइटनर यांची ही कल्पना. ब्रेक दाबलेला असतानाही मागचं सस्पेन्शन काम करत राहतं ते त्यामुळे. सांधे ढिले आणि शॉक दगड, तर त्या कल्पनेचा उपयोग शून्य.

खर्च सगळा मिळून साडेतीन हजार. वेळ मात्र भरपूर लागतो. मोटरसायकलींची रांग असते आणि सायकल त्या रांगेतच थांबते. पावती मागितली तरच मिळते. शॉकच्या हवेच्या भागाची सीलं ते बदलतात, पण डँपरमधली (शॉकची हालचाल संथ करणाऱ्या तेलाच्या भागातली) नायट्रोजनची कोठडी उघडत नाहीत, आणि का उघडत नाहीत तेही सांगतात: तिथे दाब खूप असतो आणि पुन्हा नायट्रोजन भरायची सोय त्यांच्याकडे नाही. तुमच्या शॉकचा डँपरच गेला असेल तर इथे नेऊ नका. बाकी कामासाठी जाल तेव्हा रोजची बॅग आणि बूट घालून जा. शुक्रवारी बंद असतं.