शिवणवही आणि मोबाइल : आठ महिने वापरल्यानंतर

शिवून झालेल्या कपड्याचा एखादा फोटो मी आधीही काढायचे, तोही फक्त सरळ बाजूचा. जुलैमध्ये शिवणाच्या नोंदींसाठी २०० पानी बिनरेघांची वही आणली आणि ठरवलं, प्रत्येक कपड्याचे तीन फोटो काढायचे: मापाने कापलेला खाकी कागद कापडावर मांडलेला असताना, मग सरळ बाजू, मग उलटी. शेजारी टेप पसरून, म्हणजे माप फोटोतच राहतं. आतापर्यंत २६ कपडे नोंदले, आणि सगळ्यात उपयोगी पडला तो उलट्या बाजूचा फोटो.

थोरल्या जाऊबाईंचा ब्लाउज ऑक्टोबरमध्ये शिवला. फेब्रुवारीत त्यांना तसाच दुसरा हवा होता आणि पहिला तर त्यांच्याकडे नागपूरला. फोटोत टक्सची (फिटिंगसाठी घातलेल्या चुण्यांची) टोकं, बाजूला सोडलेली दीड इंच माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जादा कापड, अस्तर कुठे ओढलं गेलंय, सगळं दिसत होतं. वहीत एक ओळ होती: ‘मुंढा पाव इंच खोल हवा.’ मुंढा म्हणजे बाही जोडतो तो खांद्याखालचा गोल काप. दुसरा ब्लाउज एकदाही न उसवता बसला. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

रंगांनी मात्र खूप छळलं. माझ्याकडच्या खणात उभा धागा जांभळा, आडवा तांबडा. ट्यूबलाइट चालू ठेवून खिडकीपाशी फोटो काढला की तो धड जांभळाही दिसेना, तांबडाही नाही. दोन प्रकारचे उजेड कॅमेऱ्याला एकदम सांभाळता येत नाहीत. आता दिवा बंद करते आणि सकाळी उत्तरेच्या खिडकीशी बसते. पांढरं झबलं करडं येतं, तिथे स्क्रीनवर बोट दाबून उजेड वाढवायचा. काळ्या कापडाला उलट, कमी करायचा. परकराचा फोटो जवळून काढला तर घेर वेडावाकडा दिसतो, म्हणून पाच-सहा फूट मागे जाऊन दुप्पट झूम करते.

गोधडीने मला सगळ्यात जास्त शिकवलं. समोरून उजेड पडला, फ्लॅश मारला, की धावदोरा सपाट होऊन नाहीसाच होतो. महिनाभर घातलेले टाके फोटोत दिसतच नाहीत! शेवटी पश्चिमेच्या दाराशी जमिनीवर अंथरली. संध्याकाळचं तिरपं ऊन आलं तसा प्रत्येक टाका स्वतःच्या सावलीसकट उठून दिसला. स्टुलावर उभं राहून तो फोटो काढला, माझ्याकडचा सगळ्यात आवडता.

वहीत कापडाचे नमुने आधी स्टेपलने लावले होते. पावसाळ्यात पिना गंजल्या, डाग कापडावर उतरले. आता पानालाच कच्चा टाका घालते. नव्या सुती कापडाचा दहा इंचांचा चौकोन धुऊन मोजते. एक कापड लांबीत साडेनऊ भरलं, तेव्हापासून न धुता बेतत नाही.

डिसेंबरमध्ये मोबाइल दुरुस्तीला दिला आणि सगळे फोटो पुसून परत मिळाला. जाऊबाईंच्या ब्लाउजचे फोटो बहिणीला पाठवलेले होते म्हणून वाचले. तेव्हापासून दर रविवारी पेन ड्राइव्हवर उतरवते. वही घ्याच, नुसत्या मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

जरीचा काठ अजून मनासारखा येत नाही. समोर धरला तर मळका, उन्हात धरला तर नक्षी पुसून पांढरा पट्टा. खिडकीच्या तावदानावर बटर पेपर लावून थोडा तिरका धरल्यावर परवा पहिल्यांदा नक्षी आणि चमक दोन्ही आले.