रिपोर्ट पक्का, काऊंटर कच्चा (५ पैकी साडेतीन)

लॅबचं नाव लिहीत नाही, बेळगावातलीच आहे. आमच्या मामांच्या स्वादुपिंडाच्या शेपटाकडची गाठ काढली, बायोप्सीत न्यूरोएंडोक्राइन ट्युमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) वाटतोय म्हणून आयएचसी, म्हणजे तुकड्याला रंग लावून ठराविक प्रोटीन आहेत का ते बघायची तपासणी, करायला सांगितली, म्हणून मेणात बसवलेला तो तुकडा, ब्लॉक म्हणतात त्याला, खिशात घालून मी खानापूरहून आलो. आख्ख्या घराचा जीव त्या काडेपेटीएवढ्या डबीत.

काऊंटरवर पहिलाच घोळ, पावतीवर मामांचं वय ६३ चं ३६ केलं. चार दिवस म्हणाले आणि नऊ लावले, रोज फोन केला की "नाळे बर्री", म्हणजे उद्या या! आमच्यासारख्यांना एवढं कन्नड येतंय म्हणून बरं.

रिपोर्ट आला, सिनॅप्टोफायसिन पॉझिटिव्ह, क्रोमोग्रॅनिन पॉझिटिव्ह, ही दोन प्रोटीनची नावं. मामी तिथंच बाकावर बसल्या, "पॉझिटिव्ह आलं म्हणजे संपलंच की रे सगळं." पण साडेतीन स्टार ज्यांच्यामुळं दिले त्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी आत बोलवून घेतलं. म्हणाल्या काकू, पॉझिटिव्ह म्हणजे रंग धरला एवढंच, गाठ कुठल्या जातीची ते यावरनं कळतं. मग मला मायक्रोस्कोपमधनं बघायला लावलं, निळ्या ठिपक्यांच्या गर्दीत कुठंतरी एखादा तपकिरी. तो तपकिरी म्हणजे केआय-६७ नावाच्या प्रोटीनचा रंग धरलेली, वाढायला लागलेली पेशी. जिथं जास्त दिसतात तिथं निदान ५०० पेशी मोजायच्या, नजरेनं अंदाज ठोकायचा नाही. त्यात तपकिरी ३ टक्क्यांच्या खाली तर ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, त्याच्या वर ग्रेड ३. मामांचं २ टक्के, म्हणजे ग्रेड १, सगळ्यात हळू वाढणारी.

नेहमीचा जो स्वादुपिंडाचा कॅन्सर, अॅडिनोकार्सिनोमा, तो वेगळा आणि लई वाईट. त्यात निम्म्याहून जास्त गाठींत एसएमएडी-४ नावाचं प्रोटीन नाहीसंच झालेलं असतं, ते नसलं की पुढचं अवघड असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण सगळ्यांचं एकमत नाही आणि एका मार्करवर कुणाचं आयुष्य सांगता येत नाही, स्टेज काय, गाठ पूर्ण निघाली का, लिम्फ नोडमध्ये गेलीय का हे आधी, असं त्या दोनदा म्हणाल्या. घाई अजिबात केली नाही, बाहेर लाईन असताना.

एक सांगतो, रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाईड मागून घ्या, सेकंड ओपिनियनला तेच लागतं. आम्ही आनंदात विसरलो, फोन केला तर परत नाळे बर्री, आता सोमवारी पुन्हा खानापूरहून चक्कर.