आहाराचा सल्ला कुणाकडून घ्यावा: डाएटिशियन, जिमचा ट्रेनर की ॲप?

मधुमेहासाठीच्या एचबीए१सी या रक्ततपासणीत आकडा ६.५ टक्के किंवा त्याच्या वर आला, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि "खाण्याकडे लक्ष द्या" म्हणाले, की पुढचा प्रश्न पडतोच: लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? जिममधला ट्रेनर चार्ट देतो, मोबाइलवर ॲप असतंच, शिवाय डाएटिशियन आहेत. माझं मत आधीच सांगते. औषध चालू असेल तर पैसे रजिस्टर्ड डाएटिशियनवर खर्च करा.

ॲप वाईट नाही. तब्येत ठणठणीत असेल, चार किलो कमी करायचे असतील, तर नोंद ठेवायची सवय लागते आणि दिवसभरातलं चहा-बिस्किट डोळ्यांसमोर येतं. पण तुमची वाटी केवढी आणि आमटीच्या फोडणीत तेल किती, हे त्याला कळत नाही.

ट्रेनरचा हातखंडा व्यायामात. निरोगी प्रौढाची प्रथिनांची रोजची शिफारस आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम आहे. तरुण, कसून व्यायाम करणाऱ्याने त्याहून जास्त घेतली तर चालतं. मात्र क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेल्या माणसाला तोच चार्ट दिला तर मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, आणि रक्ताचे रिपोर्ट न मागता चार्ट देणारे ट्रेनर कमी नाहीत.

डाएटिशियनची पहिली भेट बहुतेक प्रश्नांतच जाते. काल सकाळपासून काय काय खाल्लं? भाकरी केवढी? घरात माणसं किती, महिन्याला तेल किती लागतं? चौघांत चार लिटर म्हणजे माणशी रोज तेहतीस मिली, साडेसहाहून थोडे जास्त छोटे चमचे. हा हिशोब ऐकून घरातली फोडणी बदलते, छापील चार्टने ती बदलत नाही. संकष्टी करता का, हेही विचारतात. ते फार महत्त्वाचं आहे, कारण मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि साबुदाण्याच्या खिचडीवर ती झपकन चढते. रक्त पातळ करायला वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजीचं प्रमाण एकाएकी वाढवायचं नसतं. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला शहाळं चालत नाही. अशी पथ्यं आजार आणि औषध बघूनच ठरतात.

आता पाटीबद्दल. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांना आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून जागा दिली, तरी छोटासा ऑनलाइन कोर्स करून 'न्यूट्रिशन कोच' म्हणवणारे भरपूर भेटतात. 'आरडी' (रजिस्टर्ड डाएटिशियन) हे मात्र आहारशास्त्राचं शिक्षण आणि रुग्णालयातली इंटर्नशिप झाल्यावर इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन मिळतं. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. आणि आरडी असूनही कुणी स्वतःचीच पावडर गळ्यात मारू लागलं, किंवा डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करायला सांगितलं, तर तिथून सरळ उठा.

खर्चाचं म्हणाल तर सहा महिन्यांचं पॅकेज लगेच घेऊ नका. एक भेट आणि एक फॉलो-अप एवढंच ठरवा. एचबीए१सीमध्ये साधारण मागच्या तीन महिन्यांची साखर दिसते, म्हणून तेवढ्या अंतराने पुन्हा तपासलं की पुढचं ठरवता येतं. जाताना रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी आणि घरात स्वयंपाक करणारं माणूस, तिन्ही सोबत न्या.