बदलला क्रॉस, बिल क्राउन-पिनियनचं

पहिला गिअर टाकून क्लच सोडला की गाडीखालून 'टक्', रिव्हर्समधून पुढे घेताना पुन्हा 'टक्'. भाजीची वाहतूक करणाऱ्या एका पिकअपमालकाने एवढंच सांगून गाडी गॅरेजला लावली. बिल आलं क्राउन-पिनियन (मागच्या चाकांमधल्या डिफरन्शिअल नावाच्या गोळ्यातली दातेरी चाकांची जोडी), बेअरिंग, सील, ऑइल आणि मजुरीचं. आवाज गेला, मालक खूश झाला. पुढे ग्रीसिंगसाठी गाडी दुसरीकडे चढवली, तेव्हा दिसलं की डिफरन्शिअलच्या नटांवरचा जुना चिखल आणि रंग जसाच्या तसा आहे, सांध्यावर नव्या सीलंटचा मागमूस नाही. नवा होता तो फक्त प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याचा, मागचा क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा सांधा).

आवाज खरोखर गेल्यामुळे ही फसवणूक पचते. ज्यांचं पोट गाडीवर आहे ते दुसरीकडे दाखवायला गाडी दोन दिवस उभी ठेवू शकत नाहीत, आणि हेरलं जातं नेमकं त्यांनाच.

आधी धाक कसा घातला ते पाहा. मागचं एक चाक जॅकवर उचललं, गिअर टाकला आणि चाक मागेपुढे हलवून 'बघा किती प्ले आलाय' म्हणून दाखवलं. हा प्ले, म्हणजे मोकळीक, खोटा नसतो, पण तो बिघाडही नसतो. गिअरबॉक्सचे दाते, शाफ्टचे स्प्लाइन (एकमेकांत बसणारे लांब दाते), क्राउन-पिनियन, डिफरन्शिअलमधले छोटे गिअर, अ‍ॅक्सलचे स्प्लाइन, प्रत्येक ठिकाणी थोडी मोकळीक लागतेच आणि तिची सगळी बेरीज चाकाशी दिसते. क्राउन-पिनियनची स्वतःची मोकळीक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी असते. ती डिफरन्शिअल उघडून, क्राउनच्या दातावर डायल गेज (घड्याळासारखं बारीक मापक) लावून मोजतात. चाक हलवून तिचा निकाल लागत नाही.

मग ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा काळपट लगदा दाखवला गेला. बोटावर काजळासारखा पसरणारा लगदा चांगल्या डिफरन्शिअलमध्येही जमतो. नखाला टोचणारे कपचे किंवा दाताचा तुकडा निघाला, तरच घाबरायचं.

खरी तपासणी दहा मिनिटांत होते. गाडी सपाट जागेवर घ्या, पुढच्या-मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. थंड गाडीखाली जाऊन एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्या हाताने डिफरन्शिअलकडचा फ्लँज (शाफ्ट जिला जोडलेला असतो ती चकती) धरा आणि उलटसुलट पिळा. शाफ्ट हलला पण फ्लँज जागेवरच राहिला, तर क्रॉस गेला. दोन्ही एकत्र हलले, तर ती मोकळीक डिफरन्शिअलच्या बाजूला आत कुठेतरी आहे. शाफ्ट वरखालीही हलवून पाहा. क्रॉसच्या कपांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर ग्रीस संपून आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) गंजल्या आहेत. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का तेही तिथेच कळतं. पाट्यांचे यू-बोल्ट आणि इंजिन माउंटिंगसुद्धा बघून घ्या, ते ढिले झाले तरी क्लच सोडताना धक्का बसतो.

क्राउन-पिनियन झिजलं की 'टक्' क्वचितच येतो. ठरावीक वेगाला 'घूंऽऽ' असा आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तो बदलतो. उभ्या गाडीत इंजिन रेस केल्यावर ठोका वाढला, तर शाफ्टकडे बघायचंच नाही, तो तेव्हा फिरतच नसतो.

गाडी देण्यापूर्वी डिफरन्शिअलच्या दोन-तीन नटांवर, नट आणि हौसिंग दोन्हींवर येईल असा रंगाचा ठिपका द्या आणि फोटो काढा. नट फिरला तर ठिपका तुटतो. जुने पार्ट त्याच दिवशी परत मागा. क्राउन आणि पिनियनवर सहसा जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो. दोन नंबर जुळले नाहीत, तर ते भंगारातून उचलून दाखवलेले असू शकतात. जुन्या क्रॉसच्या दांड्यांवर सुयांचे खोल चर उमटलेले दिसले, तर आवाजाचं मूळ तुमच्या हातातच आहे.

क्रॉस बदलणाऱ्याला शाफ्ट उतरवण्याआधी शाफ्ट, फ्लँज आणि सरकत्या जोडावर खुणा करायला सांगा. जोड चुकीच्या दातांवर बसला की गाडी वेगात थरथरते, आणि त्या थरथरीवरून पुन्हा डिफरन्शिअलचं नाव पुढे केलं जातं.

पार्ट नंबरसह पक्कं बिल घेतलेलं असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत 2 वर्षांची आहे. बिल, ठिपक्यांचे फोटो आणि जुना क्रॉस तोवर जपून ठेवा.