सुट्टीत मुलांना पूलवर घालायचं की आखाड्यात?

मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि दांडिया बाजारातल्या मराठी घरांत जुनाच प्रश्न निघतो. माझा थोरला पोहायला जातो, धाकटा मल्लखांबाला. त्यामुळे दोन्हीकडची दुखणी मी पाहिली आहेत.

पूलवर जपायचं ते पाण्याला. क्लोरीन बहुतेक जंतू लवकर मारतं, पण जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी चांगल्या क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभर तग धरतो. त्यामुळे पोट बिघडलेलं मूल पाण्यात नकोच. फी भरण्याआधी मी काठावर उभी राहून बघते, तळ स्वच्छ दिसतो का. मग विचारते, क्लोरीन किती, पीएच किती? क्लोरीन निदान 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) हवं, पीएच 7 ते 7.8. उत्तर देता आलं नाही तर मी परत फिरते. नाकाला झोंबणारा वास आला की लोकांना वाटतं, क्लोरीन भरपूर आहे. खरं तर घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून क्लोरामाइन बनतं, त्याचा तो वास. म्हणून उतरण्याआधी अंघोळ सगळ्यांनीच करायला हवी.

गेल्या उन्हाळ्यात थोरल्याचा कान इतका ठणकला की पाळीला हात लावू देईना. कानात पाणी राहून संसर्ग झाला होता. आता बाहेर आल्यावर तो डोकं दोन्हीकडे कलवून पाणी काढतो, कान बाहेरून पुसतो. कापसाची काडी आत घालायची नाही.

आखाड्यात सांभाळायची ती कातडी. जुम्मादादा व्यायाम मंदिरामुळे मल्लखांब इथल्या मराठी माणसाला परका नाही, पण घामाने भिजलेला लंगोट तासभर अंगावर राहिला किंवा टॉवेल दुसऱ्याचा वापरला की गजकर्ण व्हायला वेळ लागत नाही. तळहाताचा फोड फुटला तर साबणाने धुऊन पट्टी बांधायची. दहाव्या वर्षीची टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) लस राहिली असेल तर आधी ती घ्या. अंगावर चट्टे असलेल्या मुलाला कुस्तीच्या हौद्यात उतरवू नका.

ऊन लागण्याची भीती आखाड्यात कमी, पण सहाला जाऊन आठच्या आत परतलं तरच. पोहतानाही घाम जातो, फक्त तो दिसत नाही. म्हणून पाण्याची बाटली तिकडेही हवी. येताना बरफगोळा किंवा उसाचा रस मात्र दोन्हीकडच्या मुलांना नको. कावीळ, टायफॉइड तिथून घरात येतात.

मही नदीकाठी सिंधरोटला नेऊन पोहायला शिकवण्याचा विचार कुणी करत असेल तर तो सोडाच. नदीच्या खोलीचा भरवसा नसतो.

कान वारंवार फुटत असेल तर आखाडा, गजकर्ण पाठ सोडत नसेल तर चांगल्या पाण्याचा पूल. ही दोन्ही दुखणी नसतील तर माझं मत आखाड्याला. पिशवीत कोरडा लंगोट, स्वतःचा टॉवेल आणि घरचं पाणी घालून द्या. पहिले चार दिवस सोडायला स्वतः जा आणि तिथला नळ, मोरी एकदा बघून या.