आउटडोअर युनिटभोवती झुडपं, पट्ट्यांचा आडोसा की वेल?

नवी मुंबईत नेरूळ, सानपाडा, ऐरोलीच्या रो-हाउसमध्ये एसीचं आउटडोअर युनिट बहुधा बाजूच्या अरुंद मोकळ्या पट्टीत बसवलेलं असतं आणि गेटमधून आत येताच नजरेस पडतं. ते झाकायचं म्हणून थेट नर्सरी गाठू नका. आधी टेप घेऊन जागा मोजा, कारण निवड त्यावरच ठरते.

भिंतीलगतचं दीड टनाचं युनिट मागून आणि एका बाजूने हवा ओढतं आणि पुढच्या पंख्यातून गरम हवा फेकतं. मागे किमान 6 इंच, पाइप जोडलेल्या बाजूला 2 फूट, वर 2 फूट आणि पंख्यासमोर निदान 3 फूट मोकळे हवेत. कंपनीच्या पुस्तिकेत जास्त अंतर दिलं असेल तर तेच पाळा. आडोसा जवळ आला की गरम हवा वळून पुन्हा मागून आत जाते. मग गॅसचं प्रेशर वाढतं, कॉम्प्रेसर जास्त करंट घेतो, खोली थंड होत नाही आणि मे महिन्याच्या दुपारी, नेमकं गरजेच्या वेळी, युनिट ट्रिप होतं.

पंख्यासमोर 5-6 फूट जागा असेल तर झुडपंच लावा. डोळ्यांना तीच सुखावतात आणि पश्चिमेचं ऊनही थोडं अडवतात. पण झाड निवडताना ते काय गाळतं हे पाहा. बोगनवेलीची कागदी फुलं आणि बांबूची सुकी पानं मागच्या कॉइलवर (गॅसच्या नळ्यांच्या जाळीवर) ओढली जाऊन चिकटतात. जास्वंदीवर मिलीबग (पांढरी, कापसासारखी कीड) पडला की त्याचा चिकट स्राव फिन्सवर, म्हणजे कॉइलच्या पातळ पत्र्यांवर, उडतो, त्यावर धूळ बसते आणि ती नुसत्या पाण्याने निघत नाही. मेंदी, तगर छान दाट होतात, पण पावसाळ्यात भराभर वाढतात. दर तीन आठवड्यांनी कात्री चालवायची तयारी हवी. आमची पसंती कामिनीला किंवा बुटक्या एक्झोराला: दोन्ही सदाहरित, छाटणी सोसणारी. रोप लावताना आजचा नाही, पूर्ण वाढीचा घेर धरून अंतर ठेवा. पंख्याच्या थेट झोतात मात्र काहीच टिकत नाही, पानांच्या कडा करपतात. युरिया किंवा ताजं शेणखत युनिटजवळ टाकू नका. त्यातून सुटणारा अमोनिया तांब्याच्या पाइपला खातो.

बाजूची मोकळी जागा 4 फुटांचीच असेल तर झुडपांचा मोह सोडा आणि पट्ट्यांचा आडोसा करा. 1 इंचाच्या आडव्या पट्ट्या, मध्ये 3 इंच मोकळे, म्हणजे तीन चतुर्थांश भाग उघडा राहतो. फॅब्रिकेटर दिसायला बरं म्हणून एक इंचाचीच फट ठेवतो; तसं झालं तर निम्मी वाट बंद. पट्ट्या तिरक्या नकोत, त्या झोत खाली वळवतात. आडोसा फक्त रस्त्याच्या बाजूला उभा करा, पंख्यासमोरचा भाग उघडा ठेवा, आणि सर्व्हिससाठी तो बिजागरीवर उघडेल असं पाहा. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंडी पाइप रंगवूनही लवकर गंजतो, म्हणून पावडर कोटिंगचं अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेसचे स्क्रू घ्या. खर्च झुडपांपेक्षा बराच जास्त, पण एकदाच.

वेल नकोच. मधुमालती, कृष्णकमळ, मनीप्लांट, कोणताही असो. एका पावसाळ्यात तो केबल धरून फिन्सपर्यंत पोहोचतो, आणि तो ओढून काढताना पातळ फिन्स वाकतात. हिरवाई हवीच असेल तर आडोशाच्या बाहेरच्या बाजूला चाकांच्या स्टँडवर स्नेक प्लांटच्या कुंड्या ठेवा. युनिटच्या डोक्यावर कुंडी ठेवू नका, पाणी झिरपून पीसीबीपर्यंत (आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटपर्यंत) जातं.

ठाण्यातल्या टॉवरमध्ये युनिट डक्टमध्ये (इमारतीच्या उभ्या बंदिस्त पोकळीत) किंवा भिंतीबाहेरच्या लेजवर असेल तर यातलं काहीच करू नका; तिथे मोकळी हवा आधीच कमी असते.

खालच्या मातीवर जिओटेक्सटाइल (पाणी जिरू देणारं कापड) आणि त्यावर 2 इंच 20 मिमीची खडी घाला, म्हणजे मुसळधार पावसात चिखल कॉइलवर उडत नाही. युनिट जमिनीपासून फूटभर उंच स्टँडवर हवं. कुंड्यांखाली ताटल्या नकोत, डासांची अंडी तिथेच होतात.

सगळं झाल्यावर भर दुपारी एसी अर्धा तास चालवा. एक थर्मामीटर युनिटच्या मागे धरा, दुसरा थोड्या अंतरावर सावलीत. मागचा आकडा सावलीतल्यापेक्षा 3 अंशांहून अधिक वर असेल तर गरम हवा परत येत आहे. आडोसा पुढे सरकवा किंवा दोन पट्ट्या काढून पुन्हा मोजा.